बिनपाकळ्यांचं फूल

आमच्या संग्रहालयात सुकवलेली रोपं जाड कागदावर चिकटवायचं काम मावशींचं. शाळा सातवीपर्यंत, पण एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एक पान दुमडलं नव्हतं. “मी मेलेल्यांना इस्त्री करते,” असं स्वतःच म्हणायच्या. मी पदवी घेऊन नवीनच लागले होते. त्यांचे कागद तपासायचं काम माझ्याकडे आलं.

त्या वर्षी पोकवीड नावाच्या परदेशी रानझाडाच्या कुळातले नमुने आले. लालसर खोड, एकाआड एक साधी पानं, कडा न कातरलेल्या, आणि फुलांचे लांब घोस. भिंगातून पाहिलं तर फुलांना पाकळ्याच नाहीत. सतरा कागद, एकावरही नाही. मला वाटलं, चिकटवताना झडल्या.

मावशी हळूच म्हणाल्या की ह्याला पाकळ्या नसतातच, नमुने ताजे होते तेव्हाच त्यांनी पाहिलं होतं.

“मावशी, पुस्तक तुम्ही वाचलंय की मी?” मी सगळ्यांसमोर बोलले. खरं तर तो धडा मीही वाचला नव्हता. शेरा मात्र ठसक्यात लिहिला: हाताळताना पाकळ्या गळाल्या. साहेबांनी मावशींना काचसामान धुवायला पाठवलं.

दोन महिन्यांनी पाण्याच्या टाकीमागे तेच झाड फुललेलं दिसलं. मी नखाने मिटलेली कळी उघडली. बाहेर कळीला झाकणारी पाच पांढुरकी बाह्यदलं, आत केसर, मधोमध चिमुकल्या भोपळ्यासारख्या फाकी. पाकळी नाही. दहा-बारा कळ्या उघडल्या. खाली जांभळ्या फळांच्या बुडाशीही तीच पाच दलं, आता लाल होऊन चिकटलेली. गळायला काही नव्हतंच.

त्या संध्याकाळी देवासमोर बसले, पण मागायला तोंड नव्हतं.

सकाळी साहेबांना सांगून शेरा खोडला आणि धुण्याच्या खोलीत गेले. सोड्याने मावशींची बोटं फुटली होती. चुकलं म्हणाले, तर त्या बाटली विसळतच राहिल्या.

“सगळ्यांसमोर बोलला होतात ना ताई? मग सगळ्यांसमोरच सांगा.”

चहाच्या वेळी सांगितलं. कुणी वर बघेना.

मावशी परत त्यांच्या टेबलावर आल्या. आता डिंक लावण्याआधी प्रत्येक फूल भिंगाखाली ठेवतात आणि मला हाक मारतात. “ताई, पाकळ्या मोजून घ्या.”

मी मोजते. दर वेळी कान तापतात.