काल काय बदललं?

आक्का बंद पडलेल्या कॉम्प्युटरला आधी हातच लावायची नाही. स्कूटर सावलीत उभी करायची, ओढणी कमरेला बांधायची आणि खुर्ची ओढून चक्क त्या कॉम्प्युटरकडे पाठ करून बसायची. तोंड मालकाकडे. मग विचारायची, "परवापर्यंत बरं होतं न्हवं? मग काल काय बदललं?" मालक हमखास सांगायचा की काहीच नाही. आक्का मान हलवायची आणि तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने आणायची. नवा प्रिंटर आला का, घरात भाचा राहायला आला होता का, मशीनने 'अपडेट करू का' विचारल्यावर कुणी हो म्हटलं का. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मालक डोकं खाजवत कबूल करायचा की तेवढं एक झालं खरं. तेव्हा कुठे आक्का खुर्ची फिरवायची.

तिचं दुकान बेळगावात होतं, एका खोलीचं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पिरनवाडीच्या पुढच्या आमच्या मराठी शाळेत. तिथे मी कॉम्प्युटरची बाई म्हणून नुकतीच लागले होते आणि शाळेच्या बारा मशीनची देखभाल आक्काकडे होती. मशीन कसली, कुठल्याशा बँकेने टाकून दिलेली म्हातारी मंडळी. पण आक्का त्यांना नावं ठेवू द्यायची नाही. "वय झालंय, डोकं न्हाय गेलेलं," म्हणायची.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला तिनेच समजावलं. प्रिंटर असो, पडदा असो, आवाज असो, त्या प्रत्येकाशी बोलायला कॉम्प्युटरला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर. तिच्या भाषेत तो 'मधला माणूस'. आमच्या भागात हे समजायला वेळ लागत नाही. कुठल्याही कचेरीत जा, आजीबाईंची मराठी साहेबाला कन्नडमधून सांगणारा कुणीतरी बाकावर बसलेलाच असतो. आक्का म्हणायची, "साहेबबी शाणा, आजीबी शाणी. मधला माणूस भलताच बसला की काम बोंबललं." हा मधला माणूस फार जुना झाला किंवा चुकीचा आला, की मशीन चालता चालता निळं पडायचं आणि पडद्यावर इंग्रजीत चार ओळी टाकून निपचित व्हायचं. बाकीचे मेकॅनिक अशा वेळी सगळं पुसून नव्याने भरायचे. आक्काला त्याचा भारी राग. ढेकणापायी घर जाळायचं का, असं ती त्यांना तोंडावर विचारायची.

तिचा दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा नियम कॉम्प्युटरच्या पुस्तकातला नव्हता, निपाणीचा होता. तिची आई तिथे विड्या वळायची. पानांचा नवा पुडा आला की ती तो सगळा भिजवायची नाही, आधी एकच पान भिजवून, कापून एकच विडी वळून बघायची. पान फाटलं तर पुडा परत. आक्का आईच्या विड्यांच्या सुपाशेजारी बसून शाळेचा अभ्यास करत वाढली, वस्तीतली डिप्लोमा झालेली पहिली मुलगी ठरली आणि आईची ती एक विडी आयुष्यभर सोबत घेऊन फिरली. "ढीगभर एकदम बदललं, तर वाईट कोन ते कळणार कसं गं?" असं ती मला सांगायची. मी हो हो करायचे. त्या वयात डोकं हो म्हणतं आणि हात आपल्याला हवं तेच करतात. निदान माझे तरी.

मशीन दुरुस्त झालं तरी आक्काला चहा चालायचा नाही. ती ते तीनदा बंद करून तीनदा चालू करायची. तिसऱ्यांदा नीट उठलं की कन्नडमध्ये हळूच म्हणायची, "बंत नोड." म्हणजे आलं बघ. घरी मराठी बोलणारी ही बाई मशीनशी मात्र कन्नडच बोलायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, दुकानात पहिलं गिऱ्हाईक कन्नड आलं होतं, तेव्हापासून तोंडात बसलंय. मग ती वही काढायची. लांबट वही, चार रकाने. तारीख, बिघाड, काय बदललं, काय केलं. चारही भरल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण आक्काची गोष्ट तिच्याशिवाय पुरी होत नाही.

मी हंगामी होते. वडील गेल्यावर घरात मिळवती मी एकटी. गुरुवारी शिक्षण खात्याची तपासणी होती आणि त्यानंतर संस्था मला कायम करायचं की नाही ते ठरवणार होती. मला वाटलं, प्रयोगशाळा जरा चकचकीत करावी. शनिवारी कपाट आवरलं, शिपाई कल्लाप्पाला जुन्या सीड्या टाकून दे म्हटलं. शाळा सुटल्यावर एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. एका बटणात सगळे ड्रायव्हर नवे करून देतो, असं तो सांगत होता. मी बाराही मशीनवर ते बटण दाबलं. एक विडी वळून बघायची मला आठवणही झाली नाही.

सोमवारी सकाळी मुलं बसली आणि एकेक पडदा निळा होत गेला. मशीन पुन्हा चालू करावं, दोन मिनिटं चालावं, पुन्हा निळं. अकरा वाजता आक्का आली. पाठ करून माझ्यासमोर बसली.

"काल काय बदललं?"

शेजारी हेडसर उभे होते. मी म्हटलं, काही नाही.

तिने दुसऱ्यांदा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. खुर्ची फिरवली आणि एक मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे जरुरीपुरतंच जागं करून उठवलं. एका यादीत प्रत्येक ड्रायव्हर कधी बसला ते दिसतं, ती यादी तिने बराच वेळ वाचली. मग पडद्याकडे बघतच विचारलं, "शनिवारी शाळा किती वाजता सुटती गं?" मी म्हटलं, साडेअकराला. त्या यादीत शनिवारचे पावणेबारा होते, ते मला मागून दिसत होते. खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे असते, हे तिला चांगलं माहीत होतं.

हेडसरांनी विचारलं की हे कुणी केलं. आक्का उठून उभी राहिली. "सर, देखभाल माझ्याकडं हाय, तवा जबाबदारी माझी. गुरुवारच्या आत बाराबी मशीन चालतील." हेडसर तिला मुलांसमोर बरंच बोलले. ती ऐकत राहिली. मीही ऐकत राहिले, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

तीन दिवस ती शाळेत होती आणि मला शेजारी घेऊन बसली. घोळ पडद्याच्या ड्रायव्हरचा होता. नवा ड्रायव्हर त्या म्हाताऱ्या मशीनना झेपत नव्हता. एक मशीन तिने जुन्या ड्रायव्हरवर परत नेलं आणि उरलेल्यांना हात न लावता ते एकटंच तासभर चालवलं. मग दुसरं तिने माझ्याकडून करवून घेतलं. सात मशीनमध्ये जुना ड्रायव्हर शिल्लक होता. पाचांत नव्हता आणि तो कंपनीच्या साइटवरूनही कधीच गेलेला. तो होता फक्त कपाटातल्या सीडीवर, आणि ती सीडी मी कल्लाप्पाला टाकायला दिलेली.

कल्लाप्पाने ती टाकली नव्हती. पेरू खायला रावे, म्हणजे पोपट, येऊ नयेत म्हणून त्याने सगळ्या चकाकत्या सीड्या शेतातल्या पेरूच्या झाडाला टांगल्या होत्या. आक्का त्याच्या मागोमाग शेतात गेली, झाडाखाली उभी राहून एकेक सीडी वाचू लागली. एक तडकलेली, एक भलतीच, तिसरी आमची. तिने ती पाण्याने धुतली, ओढणीने पुसली. रावे पुन्हा येतील म्हणून कल्लाप्पा कुरकुरला, तर तिने आपल्या सीड्यांच्या डब्यातली एक जुनी सिनेमाची सीडी त्या जागी बांधून दिली. शाळेतल्या मशीनने ती सीडी दोनदा नाकारली आणि तिसऱ्यांदा घेतली. बुधवारी दुपारी बारावं मशीन तिसऱ्यांदा नीट उठलं. आक्का 'बंत नोड' म्हणाली आणि तिने वही काढली. त्या दिवशी तिने काय लिहिलं ते बघायचा मला धीर झाला नाही.

तपासणीचे साहेब प्रयोगशाळेत चार मिनिटं होते. त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या नळाची चौकशी केली आणि गेले. जूनमध्ये मी कायम झाले. त्याच जूनमध्ये शाळेचं काम आक्काकडून काढून दुसऱ्याला दिलं.

मी तिच्या दुकानात जायला लागले. आधी केवळ मन खात होतं म्हणून, मग खरोखर शिकायला. तिने मला कधी टोमणा मारला नाही. रविवारी दोन भाकऱ्या जास्तीच्या आणायची आणि एखादं हट्टी मशीन माझ्यापुढे ठेवायची. दरवेळी वाटायचं, आज सांगावं. दरवेळी ती एखादी गंमत सांगायची, हसता हसता ते राहून जायचं. दुसऱ्या मेकॅनिकने आमची मशीन दोनदा पुसून काढल्यावर हेडसरांनीच तिला परत बोलावलं. ती आली, पाठ करून बसली आणि मला डोळा मारला. असं अकरा वर्षं चाललं. मुलं शिकून बाहेर पडली, आणि घरच्या मशीनचं काही अडलं की फोन मला करू लागली. मी त्यांना पहिला प्रश्न कुठला विचारते, ते सांगायला नको.

गेल्या उन्हाळ्यात आक्काने दुकान बंद केलं. मुलगी बंगळूरला नोकरीला, तिला बाळ झालेलं. जाताना आक्का खुशीत होती, नातीचे फोटो दाखवत होती. सीड्यांचा स्टीलचा डबा आणि चार वह्या तिने माझ्या हातात दिल्या. "सीड्या आता कुनाला लागत न्हाईत. पेरूला चालतील," म्हणाली. "वह्या तेवढ्या नीट बघ. एक नोंद ऱ्हायलीया."

पुढच्या रविवारी सकाळी मी त्या वह्या काढल्या. कितीतरी गावं, कितीतरी मशीन, सगळे रकाने भरलेले. आमच्या शाळेचं पान आलं. तारीख होती. बिघाडात लिहिलं होतं, बारा मशीन निळी. 'काय केलं' यात सीडी, पेरू, सगळं होतं. 'काय बदललं' हा रकाना कोरा होता. चारही वह्यांत तेवढाच एक.

मी वही पिशवीत घातली आणि आधी हेडसरांकडे गेले. ते आता निवृत्त आहेत, गुडघे धरून बसले होते. मी सांगितलं. त्यांना आठवायला वेळ लागला. मग म्हणाले, "म्हणजे मुलांसमोर बोललो ते उगीचच की." त्यांनी माझ्याकडून आक्काचा नंबर लिहून घेतला.

घरी येऊन मी त्या रकान्यात लिहिलं: शनिवारी शाळा सुटल्यावर बाराही मशीनचे ड्रायव्हर एकदम बदलले. बदलणारी मी. खाली सही केली, पानाचा फोटो काढला आणि आक्काला पाठवला. काय बोलायचं, माफी कशी मागायची, ते मनाशी जुळवत बसले होते, तेवढ्यात तिचाच फोन आला. मागे बाळ रडत होतं. मी "आक्का," एवढंच म्हटलं.

"बंत नोड," आक्का म्हणाली. आणि मग, "जेवलीस का गं?"