बाकी काम शाबूत हाय

नुसतं "उशीर झाला" म्हणून साळवे कधी जागेवर बसले नाहीत. दारातूनच सांगायचे, "पाटसला इंजिन बंद पडलं. गाडी तिथंच उभी. संध्याकाळी तेवढा जादा बसतो. आन् डबा शाबूत हाय." आम्ही हसायचो आणि ते डबा कपाटावर ठेवून कामाला लागायचे.

सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका संगणक केंद्रात आम्ही बरोबर होतो. यंत्र ज्याच्यावर चालतं तो मूळ प्रोग्राम दौंडहून रोज रेल्वेने येणारे साळवे सांभाळायचे. मी शिरूरहून एसटीने येणारी ऑपरेटर. भोकं पाडलेली कार्डं यंत्राला वाचायला द्यायची, हे माझं काम. काही अडलं की यंत्राला जोडलेल्या टाइपरायटरवर आपोआप ओळ उमटायची. एकदा उमटलं, "एरर सतरा". एका साखर कारखान्याच्या हिशेबाचं सकाळपासूनचं काम बुडालं असं समजून मी पहिल्या कार्डापासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्यक्षात एकच कार्ड दुमडलं होतं.

बोलणी खायच्या तयारीनेच मी उभी होते. पण साळवे चिडले ते स्वतःवर. "बाई, चूक तुमची न्हाई, माझी हाय. मशीन बोललं, पर सांगितलं काय?"

त्यांनी एकेक ओळ नव्याने लिहायला घेतली. अक्षरं इंग्रजी, बोली दौंडची: "कार्ड वाचता येत न्हाई. शेवटचं कार्ड बघा, दुमडलं असंल. सरळ करून परत लावा. बाकी काम शाबूत हाय."

केंद्राच्या साहेबांनी नाक मुरडलं. साळवे म्हणाले, "साहेब, हे वाचणार कोण? बाई. आन् कवा? घाबरल्यावर. तवा त्यांना कळाया नको?" एका नव्या पोराचा प्रोग्राम पावलोपावली ओळी छापायचा, त्या त्यांनी काढायला लावल्या. "सारखं बोलणाऱ्याचं कोण ऐकतं?" पण शाबूत काय आहे, ते सांगायचंच. "माणसाचा जीव तिथं अडकलेला असतो," म्हणायचे.

पुढे ते खंगत गेले. डबा तसाच परत जाऊ लागला. विचारलं की, "काय न्हाई, जरा बरं वाटत न्हाई." यंत्राने असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी खपवून घेतलं नसतं. मी चिडून तसं म्हटलंही. ते नुसते हसले.

रजा लांबली तेव्हा मी दौंडला गेले. डॉक्टरांनी हात टेकल्याचं साळवेवहिनींनी दारातच सांगितलं. बुद्धाच्या तसबिरीखाली साळवे पडून होते. "आम्हाला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय झालं, कुठं झालं, ते सांगितलं असतं ओ. आता काय करायचं, तेच ठावं नव्हतं. मंग अर्धी ओळ कशाला लिवायची?"

त्याच आठवड्यात ते गेले.

त्यानंतर पहिल्यांदा एक कार्ड अडलं आणि टाइपरायटर खडखडला. सगळी ओळ त्यांचीच, शेवटी "बाकी काम शाबूत हाय." साळव्यांचं हे शेवटचं म्हणणं मला तेव्हा प्रथमच पटलं नाही, आणि मी तिथेच रडले.

नंतर फारच आठवण आली की मी एखादं कोरं कार्ड मुद्दाम दुमडून लावायचे आणि ओळ शेवटपर्यंत उमटू द्यायचे. पुढे ते यंत्र मोडीत निघालं, कार्डांशिवाय चालणारं नवं येणार म्हणून केंद्रात पेढे वाटले. मी हातात पेढा धरून बसले होते. दुमडायला आता कार्ड नव्हतं.