शेजारच्या जर्मनाचं छप्पर

गाडी ही बाहेरून बघायची वस्तू आहे आणि तिच्यात जाऊन बसणं हा तिचा अपमान आहे, असं मनापासून मानणारा माणूस या पृथ्वीवर एकच, आणि देवाने तो अमेरिकेत, नोव्हाय गावात माझ्याच शेजारी आणून ठेवला. वर त्याला पोटापाण्याला धंदा दिला तो गाड्यांच्या डिझाइनचा. अस्सल जर्मन. मिशा फुटपट्टी लावून कापलेल्या, आणि अंगणातली हिरवळ अशी की गवताची एखादी काडी चुकून उंच वाढलीच, तर तिने शरमेनं स्वतःहून मान खाली घालावी. बायकोने एकदा त्याला गरम पोळी नेऊन दिली, तर खायच्या आधी दोन मिनिटं उजेडात धरून तिची कडा तपासत बसला. शेवटी म्हणाला, "इथे किंचित सपाट झालीय, पण रेषा धाडसी आहे." बायको आठवडाभर खूश होती. तिच्या पोळीकडे आमच्या घरात कुणी इतक्या गांभीर्यानं पाहिलं नव्हतं.

तीस वर्षं त्याने एकाच कंपनीत काढली, पण त्याने कल्पिलेली अख्खी गाडी काही रस्त्यावर आली नाही. दरवेळी कमिटी बसायची, मग कुणी नाक छाटायचं, कुणी शेपूट लांबवायचं. त्याचं म्हणून रस्त्यावर काय होतं, तर एका गाडीच्या दाराची मूठ, दुसरीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि तिसरीचा दीड दिवा. सिग्नलला मला कोपरानं ढोसून सांगायचा, ते झाकण माझं. पोरीचं नाव पेपरात आल्यासारखा चेहरा करून.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या गाडीवर मात्र त्याने सगळा जीव लावला होता. छपराची रेषा कपाळापासून शेपटापर्यंत एका दमात उतरायची. गाडीचं पूर्ण मापाचं मॉडेल मातीचं असतं; हा डोळे मिटून त्यावर तळहात फिरवायचा. एकदा हाताला काहीतरी लागलं म्हणून त्याने अख्खा स्टुडिओ थांबवला आणि तासाभराच्या शोधानंतर कुणाच्या तरी पापणीचा एक केस सापडला, असं सांगतात. मी पाहिलेलं नाही, पण माझा विश्वास आहे. या खेपेला कमिटीने सगळं मान्य केलं, फक्त एक सोडून. मागच्या सीटवर डोकं लागतं, तेव्हा छप्पर अठरा मिलिमीटर वर घ्या. आता हा निरोप त्याला कुणी द्यायचा? माणसं गाडीत मावतात की नाही हे बघणं त्याच कंपनीत ज्याचं काम, त्याने. म्हणजे मी. तो शांतपणे म्हणाला, "तुझी माणसं चुकीच्या आकाराची आहेत."

हे सिद्ध करायला त्याने स्वतःच्या गराजमध्ये प्लायवुडची मागची सीट आणि वर फोमचं छप्पर उभारलं, मिलिमीटरला मिलिमीटर. आता त्यात एक साधं, निःपक्षपाती माणूस बसवायचं होतं. माझ्याकडे तेव्हा मिरजेहून मावशी आली होती. साधी होतीच, निःपक्षपाती मात्र म्हणवत नाही, कारण रोज एक डबा कुंपणावरून त्याच्याकडे जात होता.

मावशी आत शिरली आणि बसली, पण मान डावीकडे कललेली, जणू कुणी कानात गुपित सांगतंय. त्याने वाकून विचारलं, कसं वाटतंय. दुसऱ्याच्या घरी तीन पायांच्या खुर्चीवर बसवलं तरी तोल सावरत कौतुक करणारी तिची पिढी. "ऐसपैस आहे हो," मावशी म्हणाली, "अगदी घरच्यासारखं." खरं बोलण्याचा मला पगार मिळतो, तरी मीही इंग्रजीत ऐसपैसच सांगितलं. त्याची रेषा वाचावी असं मलाही वाटत होतं. त्याच मानेनं मावशीने वीस मिनिटं काढली, त्याने पुढे केलेला केकही संपवला, आणि मान चोळत घरी गेली.

हा टेप घेऊन आत वाकला तो बाहेर येईना. मी डोकावलो. फोममध्ये मावशीच्या अंबाड्याचा आकडा रुतून बसला होता.

"सोमवारी कमिटीला सांगू, ती ऐसपैस म्हणाली," मी म्हटलं. "मी साक्षीला आहे ना."

आकडा तळहातावर घेऊन तो बघत राहिला. "ती खोटं का बोलली?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"कमिटीला हे तीस वर्षांत सुचलं नाही," तो म्हणाला.

सोमवारी त्याने कुणाला हात लावू न देता स्वतः माती चढवली. कमिटीने अठरा मागितले होते, त्याने बावीस दिले. वरचे चार अंबाड्याचे, हे फक्त मला ठाऊक. ती एका दमातली रेषा मध्येच थोडी थबकल्यासारखी झाली. त्याने त्यावरून तळहात फिरवला नाही.

गाडी बाजारात आली तेव्हा तो निवृत्त झालेला होता, मावशी मिरजेला परतली होती. मी पहिल्याच खेपेत एक घेतली. तो सपाता घालून बर्फातून आला, गाडीभोवती दोनदा फिरला. मग मागचं दार उघडून आत बसला आणि म्हणाला, चल. गल्लीतून निघालो. आरशात पाहिलं, तर छपराकडे त्याचं लक्षच नव्हतं. मान ताठ ठेवून तो खिडकीबाहेरची घरं बघत होता. त्याचं घर आलं, मी वेग कमी केला.

"थांबू नकोस," तो मागून हळूच म्हणाला, "अजून एक चक्कर मार."