फ्लेक्सवरचा मजकूर माझा नाही

मंदाकाकींच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरचा मजकूर मी लिहिलेला नाही.

काल सकाळी पेणहून शाळेच्या ऑफिसातून मला फोन आला होता. "तुझं मराठी चांगलं आहे. चार ओळी पाठव. शिस्तप्रिय, मितभाषी, संस्थेशी एकनिष्ठ, असं काहीतरी."

मी नाही म्हणाले.

आयुष्यात मी फार कमी वेळा नाही म्हणाले आहे, म्हणून मुद्दाम नोंदवते.

मंदाकाकी आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. परवा गेल्या.

त्या शिस्तप्रिय नव्हत्या. प्रार्थनेला आमच्याही नंतर यायच्या, ओले केस बांधत. वसतिगृहात मासळी निषिद्ध होती आणि दर बुधवारी त्यांच्या खोलीतून भाजलेल्या सुकटीचा वास जिन्यापर्यंत यायचा. कोणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "वास येतोय ना? मग वासावर जेवा."

मितभाषी तर अजिबात नव्हत्या. खाडीकाठच्या मिठागरावर वाढलेला आवाज. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायची सवय, आणि त्याच आवाजात त्या आम्हाला आंघोळीच्या रांगेत उभं करायच्या.

राहिलं एकनिष्ठ.

आठवी संपली आणि नववीचे विषयनिवडीचे फॉर्म आले. तेव्हा बीजगणित-भूमितीऐवजी 'सामान्य गणित' घेता यायचं. सोपं होतं. पण ते घेतलं की दहावीनंतर सायन्स विसरायचं.

वसतिगृहातल्या मुलींचे फॉर्म मुलींच्या हातात कधी येत नसत. आईवडील रोह्याच्या पलीकडे, कोलाडच्या आतल्या गावांत. एका फॉर्मसाठी कामाचा दिवस मोडून एसटीने कोण येणार? म्हणून फॉर्म ऑफिसात भरले जात आणि पालकाच्या जागी रेक्टर सही करत. गठ्ठ्याने. वर्षानुवर्षांची प्रथा होती.

त्या वर्षी फॉर्म भरायला मोठ्या सरांनी मला बोलावलं. शाळेत माझं अक्षर सर्वांत चांगलं होतं. त्यांनी सात नावांची यादी दिली. "यांना सामान्य गणित. निकाल शंभर टक्के लागला पाहिजे."

मी लिहिलं. सात वेळा, एकाही खाडाखोडीशिवाय.

चौथा फॉर्म निर्मलाचा होता. माझ्या शेजारच्या कॉटवरची निर्मला. रोह्याच्या एका लॅबमध्ये तिने एका ताईला मायक्रोस्कोपवर वाकलेलं पाहिलं होतं, आणि आपणही रक्त तपासणार हे ती आम्हाला आठवड्यातून दोनदा ऐकवायची.

मला हे माहीत होतं. तरी लिहिलं.

सर "सुंदर" म्हणाले आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी जेवणघरात बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला आम्ही गोल करून बसलो होतो. काकी गठ्ठा घेऊन आल्या, पेनाचं टोपण काढलं, आणि थांबल्या.

"अक्षर कुनाचं गो ह्ये?"

"माझं."

"आनि विचार कुनाचा?"

मी हातातला वाल सोलत राहिले.

"पोरींना विचारलंस?"

"सरांनी यादी दिली होती."

"सरांचं नाय विचारत मी. पोरींना विचारलंस?"

निर्मलाचे हात परातीत तसेच थांबले. "माझा पन हाय त्यात?" तिने काकींना नाही, मला विचारलं. मी मान हलवली.

"आता ऊठ," काकी मला म्हणाल्या. "एकेकीसमोर बस नि विचार. जी जे सांगंल ते लिव. तोवर मी सही करायची नाय."

मी सातजणींपुढे बसले. ओल्या हातांनी त्या आपापला फॉर्म वाचत होत्या, पहिल्यांदाच. दोघींनी सामान्य गणितच ठेवलं. "ती भूमिती माज्या मानगुटीवरून उतरली, बरं झालं," एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या. काकींनी त्या दोन फॉर्मवर लगेच सही केली.

पाचजणींनी खोडायला लावलं.

निर्मलाने पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः खोडलं. इतक्या जोरात की कागद फाटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातले आवाज चढले. काकींचा मैदानापर्यंत ऐकू आला. "पालकाच्या जागी सही माझी हाय ना? मग पालकासारखीच करनार!"

पुढच्या वर्षी त्या रेक्टर नव्हत्या. संस्थेने त्यांना ग्रंथालयात बसवलं. याचा फायदा मला झाला. त्यांच्या राज्यात मी हवी तितकी पुस्तकं नेली. एकदाही त्यांनी त्या फॉर्मची आठवण काढली नाही.

दहावीचा निकालही सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. शंभर टक्के लागला नाही. त्या पाचांतल्या दोघी गणितात नापास झाल्या. एक ऑक्टोबरला सुटली. दुसरीने पुन्हा परीक्षा दिलीच नाही. निर्मला काठावर पास झाली, आणि आज ती रोह्याच्या एका लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसते.

"तुम्ही शाळेचा निकाल घालवलात," असं काकींना तोंडावर ऐकवलं गेलं.

"पोरींचा निकाल हाय," त्या म्हणाल्या. "पोरींनी लावला."

हे फ्लेक्सवर नाही. म्हणून इथे आहे.

काल ऑफिसचा फोन ठेवल्यावर मी त्या सातही जणींना फोन केले. जिने परीक्षा सोडली, तिला सर्वांत आधी. विचारलं, काकींबद्दल काय लिहू?

ती म्हणाली, "लिव, की मी नापास झाले ती माझी मी झाले. कुनी भरून दिलेल्या फॉर्मवर पास नव्हतं व्हायचं मला."

निर्मला म्हणाली, "सगळं लिव. तुझं नाव पन लिव त्यात. नायतर पेन माझ्याकडं दे."

काकी, या वेळी सगळ्यांना विचारून लिहिलं आहे.

सही करायला तुम्ही नाही. खाली आम्ही आठजणींनी केली आहे.

तुमच्या मुलींचा नमस्कार घ्या.