पाचव्या अध्यायातलं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगेन, सांगेन म्हणत राहिलो आणि ती गेली. मुलगा पुण्यात, फोनवर सांगण्यासारखं हे नाही. राहिलं गाव — गावात कुणाला सांगणार? मी दिसलो की लोक वाकून पाया पडतात. पाया पडणाऱ्या माणसाशी काय बोलता येतं, सांगा? तो वाकतो, मी ‘असू दे, असू दे’ म्हणतो, तो निघून जातो. कित्येक वर्षं माझं माणसांशी एवढंच बोलणं उरलंय. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

मी शाळामास्तर होतो म्हणून कुणी पाया पडत नाही. मास्तरला आजकाल कोण विचारतं! मी भिवाबाबांची पोथी लिहिली म्हणून पडतात. भिवाबाबा आमच्या गावचे संत. धारूरच्या डोंगरकडेला आमचं गाव. बाबा जातीनं धनगर, जन्मभर मेंढरं राखली, अक्षरओळख नव्हती. बारवेच्या काठाला त्यांची समाधी आहे. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या चैत्रात गावी परतल्या की तिथं सप्ताह बसतो आणि सात दिवस माझ्या पोथीचं पारायण चालतं, रोज एक अध्याय. वाचक एक ओवी म्हणतो, मागून अख्खा मांडव म्हणतो. ओव्या चांगल्या उतरल्यात, हे मीही नाकारत नाही. यमकात मी कुठं मार खाल्लेला नाही.

पाचव्या अध्यायात दुष्काळ येतो. बारव आटते, गाव पाणी-पाणी करतं, बाबा तळाशी उतरून काठी आपटतात आणि खडकातून धार लागते. इथं बायका डोळे पुसतात. समाधीवरच्या तसबिरीत बाबांचा डावा हात कोपरात वाकडा आहे. तो वर्षानुवर्षं वर धरून तप केल्यानं वाळला, असं सहाव्या अध्यायात आहे.

दोन्ही खोटं आहे. जुन्या लोकांच्या तोंडची आख्यायिका म्हणाल, तर तीही नाही — मी माझ्या टेबलाशी बसून, चहा पीत पीत रचलं.

मला खरं माहीत नव्हतं, असं असतं तर किती बरं झालं असतं! पण मला माहीत होतं. निवृत्त झालो तेव्हा देवस्थान समितीनं पोथीचं काम माझ्याकडे दिलं आणि वही घेऊन मी घरोघर फिरलो. मातंग वस्तीत कौसाबाई भेटली. उभं आयुष्य तिनं ऊस तोडला होता, पाठ वाकली तेव्हा कोयता खाली ठेवला. बाबांवर तिचा जीव. दुष्काळात ती लहान पोर होती, आईचं लुगडं धरून उभी होती, तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं.

बारव आटलीच नव्हती. गावात पाणी होतं ते तेवढ्या एका ठिकाणी, आणि मातंग वस्तीला तिथं उतरायची बंदी होती. बायका काठावर रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतणार. बाबा रोज मेंढरं घेऊन यायचे, दगडी डोणीत पाणी ओढून पाजायचे. एक दिवस त्यांचं लक्ष कौसाबाईच्या आईकडे गेलं. रखमा तिचं नाव. मेंढरं पाणी पीत होती आणि ती बसून बघत होती.

“माझ्या मेंढराला चालतं अन् हिला न्हाई? मग मलाबी नगं,” म्हणून बाबा पायरीवर बसले. तीन दिवस थेंब घेतला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी रखमाला हाक मारली, “माय, उतर खाली.” ती उतरली. बाबा पुढं, ती मागं. तिच्यावर काठी उगारली गेली आणि बाबांनी हात मध्ये घातला. कोपर मोडलं. रखमानं तशातच घागर बुडवली, भरून डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढून घरी गेली. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बायका आल्या. तेव्हा मात्र कुणाचा हात उठला नाही.

एखाद्या संताबद्दल याहून मोठं काय लिहायचं असतं हो? मी इतिहास शिकवायचो. वर्गात मोठाल्या सत्याग्रहांवर तास-तास बोलायचो, खडू संपायचा. आणि माझ्याच गावात एका धनगरानं, कुणाचं न ऐकता, न वाचता —

समितीला नको होतं, असं म्हटलं तर सुटेन. पण तसंही नव्हतं. अध्यक्ष म्हणाले होते, “गुरुजी, जे हाय ते लिवा. आमाला त्यातलं काय कळतंय?” छापायच्या आधी त्यातल्या एकानंही पान उलटून पाहिलं नाही. मला कुणी दमही दिला नव्हता.

काठी माझ्या आजोबांची होती.

तेही मला कौसाबाईनंच सांगितलं. आधी चहा दिला, मी पिऊन संपवेपर्यंत थांबली, मग म्हणाली, “राग नगा धरू गुरुजी, पन काठी तुमच्या आज्याची व्हती.” माझा चेहरा पाहून तिलाच वाईट वाटलं असावं. पुढं म्हणाली, “त्येंचं नाव नगा घालू. मेल्या मानसाचं काय काढायचं? माझ्या मायचं तेवढं घाला. रखमा म्हनून. मांडवात लोकांच्या तोंडून निघंल, बास.”

एवढंच मागत होती ती. आजोबांना तिनं सोडून दिलं होतं, मला सोडवत नव्हतं. मी हिशेब केला — रखमा आली की काठी येणार, काठी आली की कुणाची म्हणून लोक विचारणार, आणि गावात अजून दोन-चार म्हातारे जिवंत होते. मग रखमा काढली. रखमा काढल्यावर दुष्काळात बाबांनी काय केलं म्हणून लिहायचं? बारव आटवली. म्हणून चमत्कार. आणि मोडलेल्या हाताला तप.

पहिल्या पारायणाला कौसाबाई रोज आली. मांडवाच्या कडेला बसायची. पाचव्या दिवशी ती लेक-सुना, नातवंडं, बहिणीची माणसं, सगळ्यांना घेऊन आली. दुष्काळाची ओवी सुरू झाली तशी डोक्यावरचा पदर सारखा करून ताठ बसली. वाकलेली पाठ तिनं कशी सरळ केली असेल, देव जाणे. मी समोरच होतो, गळ्यात हार घालून. काठी आपटली, धार लागली, मांडवानं जयजयकार केला. ती तशीच बसून होती. पुढं येईल, असं तिला वाटत असावं. अध्याय संपला, आरती झाली, तरी ती वाट बघत होती.

मग माझ्याजवळ आली. “गुरुजी, मायचं नाव कावून न्हाई आलं?”

आणि मी म्हणालो, “मी लिहिलं होतं, कौसाबाई. समितीनं काढून टाकलं.”

इतक्या सहज निघालं तोंडातून! तिनं माझा हात धरला. “तुमी लिवलं व्हतं ना? मंग तुमचा काय दोष?” असं म्हणाली. त्यानंतर ती समाधीला कधी आली नाही. जिथं तिच्या आईनं घागर भरली ती जागा तिनं सोडली, अध्यक्षांशी बोलणं सोडलं, घरातल्यांना सप्ताहाला पाठवणं बंद केलं. माझ्यावर मात्र तिची माया वाढली. दरवर्षी सीताफळं पाठवायची, डोळे उघडलेली, वेचून काढलेली. मी एकटा माणूस, किती खाणार? पण परत कधी पाठवली नाहीत. खाल्ली.

यंदा कौसाबाई गेली. तेराव्याला तिची सून बोलवायला आली. सासूबाईंचा तुमच्यावर लई विश्वास व्हता, म्हणाली, तुमीच पोथीतला एक अध्याय वाचा, पाचव्यालाच त्या आमाला समद्यांना घेऊन गेल्या व्हत्या, त्यांना तोच आवडायचा.

आवडायचा नाही. त्या दिवशी ती त्या अध्यायात आईच्या नावाची वाट बघत होती. सुनेला ते माहीत नव्हतं.

सकाळची वेळ होती. अंगणात तिची सगळी माणसं बसली होती, समितीतलं कुणीही नव्हतं. ज्यांची मला भीती वाटायची ते म्हातारेही केव्हाच गेलेत. पोथी बाजूला ठेवून नुसतं ‘रखमा’ म्हटलं असतं, तर तिच्या पोरांनी मागून म्हटलं असतं. मी पोथी उघडली. काठी आपटली, खडकातून पाणी काढलं. मागून सगळे म्हणत होते. माझा आवाज एकदाही अडला नाही.