चौथा कप

माझ्या दुखण्यात देखभालीला ठेवलेल्या बाईएवढं हट्टी माणूस मी ऐंशी वर्षांत दुसरं पाहिलं नाही. आणि हे मी म्हणतोय, ज्याला सारं गाव हेकट म्हणतं. माझं शिक्षण तिसरी. पण हिच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं तर कमी लिहील, म्हणून मीच बसलो. खुब्याचं ऑपरेशन करून मला घरी आणलं तेव्हापासून ही रोज सकाळी देवगाव फाट्यावरून जीपनं यायची. माझा बीपी मोजला की आकडा आधी मला नाही, उंबऱ्यात उभं राहून गल्लीला सांगायची. माझं पोट साफ झालं की नाही हे सुनेच्या आधी दूधवाल्याला कळायचं. मी रागावलो तर म्हणायची, "लोकाला काळजी हाय मामा, सांगाय नगं का?"

घरात माणसं तीन, मी, सून आणि ही. चहा मात्र चार कप. सुनेनं हटकलं तर तिचं एकच, "माझ्या हाताला तीन कप येतच न्हाईत." मग ती दारात जाऊन जो दिसेल त्याला ठणकावून हाक मारायची, "च्या उरलाय, या." पोस्टमन आला, बांगडीवाली आली, एकदा तर नुसता पत्ता विचारणारा परका माणूस माझ्या खाटेवर बसून अर्धा तास स्वतःच्या गुडघ्याचं सांगून गेला. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. कुणाला आत येऊ द्यायचं नाही असं मी सुनेला बजावलं होतं. ज्यानं बैलबाजारात ताठ उभं राहून उमर काढली, त्याला लोकांनी वॉकर धरून लटपटताना का म्हणून पाहावं? खालच्या आळीतला माझा जोडीदार, चाळीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून बैल पारखले, तो तीनदा आला. तिन्ही वेळा मी डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा तो तासभर बसला, उठताना सुनेला म्हणाला, "आता मी येत न्हाई. त्याला जागेपणी झोपायचं आसंल तर झोपू दे."

भिंतीचे पोपडे मोजत मी ते ऐकलं. स्वयंपाकघरातून बाईनंही ऐकलं.

चार दिवसांनी सकाळी ओट्यासमोर खुरांचा आवाज आला. जोडीदारानं घ्यायचा म्हणून एक लाल कंधारी बैल पाहायला आणला होता, आणि मला दाखवल्याशिवाय घेऊ नको असा निरोप त्याला हिनं धाडला होता, माझ्या नावानं. बैल काही खाटेपर्यंत येत नाही. बाहेर बाईचा आवाज, "मी पाह्यले दात. दोनदाती हाय, घ्या खुशाल." मी आतून ओरडलो की दोनदाती म्हणजे कोवळं जनावर, त्याच्या खुरांचा आवाज असा येत नाही. "दोनदातीच हाय," ती पुन्हा म्हणाली, आधीपेक्षा मोठ्यानं. जोडीदार म्हणाला, "आसंल बाई."

हे कसं सोसावं? दोन महिने सगळ्यांनी विनवूनही मी ओट्यावर गेलो नव्हतो. त्या दिवशी वॉकर ओढला आणि अकरा पावलं गेलो. बाई खुर्ची घेऊन पुढं उलटी चालत होती, पण तिनं मला हात लावला नाही. जोडीदारानं शिंगं धरली, मी बैलाचा ओठ वर केला. चांगला सहादाती. मी त्याला म्हणालो, "हे तुला दोनदाती दिसलं?" तो बैलाकडं नाही, माझ्याकडं पाहत होता. म्हणाला, "झाली का झोप?"

चौथा कप त्या दिवशी त्यानं घेतला. मग रोजच घेऊ लागला. त्याच्या मागोमाग लोक बैल दाखवायला आणू लागले. गावात बैल आता किती उरलेत, म्हणून पुढं पुढं शेळ्याही आणल्या. बाईला मी दरडावलं, जनावरातलं तुला काय कळतं? ती कप विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या बापाच्या दावणीला चार बैल व्हते मामा. सहादाती मला लांबून कळतोय."

मी हिंडाफिरायला लागलो आणि तिचं काम संपलं. आता ती पाथरीला एका म्हातारीकडं असते. ती म्हातारी कुणाशी बोलत नाही म्हणे. बोलेल. इकडं सून माझा, तिचा आणि जोडीदाराचा असे मोजून तीन कप ठेवते, आणि मी ओट्यावरून सांगतो, चार ठेव. मग वाटेकडं पाहत हाक मारतो, "च्या उरलाय, या." कुणीतरी येतंच. पण तिच्यासारखं ठणकावून मला जमत नाही, तेवढं एक मान्य करतो.