त्रेचाळीस नंबरचा कित्ता

वस्तुसंग्रहालयातल्या नोंदणी कारकुनाला सगळे कित्तेकाका म्हणत. आडनाव नव्हे हो! वहीत वरच्या ओळीतलाच मजकूर पुन्हा आला की नुसतं ‘कित्ता’ लिहायचं, ही कारकुनांची रीत. काकांइतका देखणा कित्ता कुणी काढत नसे.

त्या मोत्यासारख्या अक्षरानंच घात केला. चोवीस वर्षांपूर्वी ओल लागलेली जुनी वही त्यांनी नव्या वहीत उतरवली. ‘वस्तू कशी मिळाली’ या रकान्यात बेचाळीस नंबरला ‘भेट’ होतं. पुढे हात आपला चालतच राहिला, कित्ता, कित्ता, कित्ता. त्रेचाळीसला, पितळी घंटेपुढे, मूळ शब्द होता ‘ठेव’. चूक ध्यानात आली तोवर साहेबांची सही होऊन शिक्काही बसला होता. नोकरी जाईल या धास्तीनं काका मूग गिळून बसले. जुनी वही रद्दीत गेली. तेवढं एक पान त्यांनी टेबलाच्या खणात, तळाच्या कागदाखाली सरकवलं.

आता निवृत्तीला उरले होते अकरा दिवस, आणि कुठली वस्तू कुणाकडून आली हे तपासायला एक संशोधक बाई येऊन बसल्या. समोर घंटा मागायला आलेली म्हातारी. लढाईच्या धामधुमीत तिच्या वडिलांनी ती इथं सांभाळायला दिली होती म्हणे.

बाईंनी वही उघडली. शेजारच्या टेबलाशी काका मान खाली घालून लिहीत राहिले.

“आजी, इथं भेट म्हणून नोंद आहे. तुमच्याकडे काही कागद?”

“कागद कुठला, बाई? बाबा मरेपर्यंत सांगायचे, ठेवायला दिलीय, परत आणायचीय.” म्हातारी काठी टेकत उठली. “खोटं बोलले असतील मग.”

गप्प राहा, अकराच दिवस! काकांचं मन बजावत होतं. बायकोला काय सांगणार? उद्या लोक चोर म्हणतील. पण म्हातारी दारापाशी पोचली आणि त्यांनी खण ओढला. घाईनं काढताना जुन्या पानाचा कोपरा फाटला, तसंच ते त्यांनी बाईंपुढे ठेवलं.

बाईंनी मोठ्यानं वाचलं, “ठेव. मागतील तेव्हा परत द्यावी.” मग मान वर करून त्यांनी विचारलं, “नव्या वहीत कित्ता कुणी लिहिलं?”

काका उठून उभे राहिले. म्हातारी मागे वळून त्यांच्याकडेच बघत होती.

“आजी,” ते कसेबसे म्हणाले, “तुमचे बाबा खरंच बोलत होते. खोटं मी लिहिलं.”